चांदीपुरा विषाणूचे जी-प्रथिन
नागपूर भागातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून १९६५ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी वेगळ्या केलेल्या, मुलांना मेंदूज्वर आणणाऱ्या विषाणूचे पृष्ठप्रथिन. विषाणूच्या आवरणावर हे एकच प्रथिन असल्याने पेशीत शिरण्याची सारी भिस्त त्यावरच असते. पेशी विषाणूला पटलाच्या पुटिकेत ओढून घेते. पुटिकेतील आम्लता वाढताच प्रथिनाच्या टोकाची जलद्वेषी वळणे पुटिकेच्या पटलात रुततात. मग रेणू उलटा दुमडून पुटिकेचे पटल आणि विषाणूचे आवरण एकमेकांकडे खेचतो. ती एकजीव झाली, की विषाणूचा आरएनए पेशीद्रवात उतरतो. सर्वांत लक्षणीय बाब अशी, की आम्लता घटल्यास हे प्रथिन पूर्वरूपात परतते. इन्फ्लुएन्झाच्या हिमॅग्लुटिनिनला ते जमत नाही. पूर्वरूपात परतण्याच्या या क्षमतेमुळेच नवे जी-प्रथिन पेशीतील आम्लधर्मी मार्गाने पृष्ठभागाकडे जाताना निकामी होत नाही.