ब्रेक मारताच गाडी थरथरते? घाट उतरण्याआधी हे तपासा

अमरावती-अकोला महामार्गावर ८०च्या वेगात ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, हळू चालवताना मात्र काहीच जाणवत नाही. अशी गाडी चिखलदऱ्याच्या घाटात नेण्याआधी ब्रेक तपासून घ्या.

थरथर कुठे जाणवते, त्यावरून दोष ओळखता येतो :

• स्टेअरिंग हलतं : बहुधा पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही.
• सीट हलते : मागचे ड्रम किंवा डिस्क तपासा.
• ब्रेक न मारताही हलते : टायर आणि चाकांचं बॅलन्सिंग पाहा.
• गिट्टीवर जोरात ब्रेक मारल्यावर फक्त पेडल टकटकतं : एबीएसचं काम सुरू आहे, दोष नाही.

चाकाचे नट कमी-जास्त आवळले किंवा कॅलिपर जाम होऊन पॅड घासत राहिले, तर डिस्क खराब होते. एकच चाक जास्त तापत असेल, तर कॅलिपरवर संशय घ्या. तापलेल्या डिस्कवर पाणी टाकू नका.

मिस्त्रीला डायल गेज लावून डिस्क तपासायला सांगा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर घासूनही जाडी त्यापेक्षा जास्त राहत असेल तरच घासा. नाहीतर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड सोबतच बदला. नुसते पॅड बदलून थरथर जात नाही.

घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रल कधीच नको. पेडल खाली जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर चालवू नका. टोचन करून गॅरेजला न्या.