रावजीच्या पट्ट्यातली पुडी

9 नोव्हेंबर 1874. बडोद्याचा ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळी फिरून परतला. रोजच्यासारखं पपनसाच्या रसाचं सरबत तयार होतं. त्यानं दोन-तीन घोट घेतले. मळमळायला लागलं, म्हणून उरलेलं ओतून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी गडद गाळ दिसला. तो आधी रेसिडेन्सीच्या डॉ. सिवर्डकडे आणि मग मुंबईला सरकारी रसायन तपासनीस डॉ. ग्रेकडे गेला. गाळात सोमल निघाला आणि हिऱ्याची पूड निघाली.

फेअर वाचला. गादी मात्र महाराज मल्हारराव गायकवाडांची गेली. आणि ते विष घालायला कुणी सांगितलं, याचं सर्वांना पटेल असं उत्तर दीडशे वर्षांनंतरही मिळालेलं नाही. कारण या खटल्यात वस्तू थोड्या होत्या आणि साक्षीदार पुष्कळ.

मल्हाररावांची बाजू आधीच पडकी होती. भाऊ खंडेरावांच्या विरुद्ध कट केल्याच्या संशयावरून 1863 पासून ते पाद्र्याला कैदेत होते. 1870 मध्ये खंडेराव वारले आणि हे गादीवर आले. कारभार इतका बिघडला की इंग्रजांनी चौकशी समिती नेमली आणि सुधारण्यासाठी मुदत दिली. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, पण फेअरचं ना महाराजांशी जमलं, ना दादाभाईंशी. 2 नोव्हेंबरला मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवला: या रेसिडेंटला बदला. बरोबर सात दिवसांनी विषप्रयोग.

आता हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचता येते. महाराजांना फेअर नकोसा होता, म्हणजे हेतू होता. पण तक्रार नुकतीच वर गेलेली असताना त्याच माणसाला विष घालून स्वतःची मान कोण अडकवून घेईल? हेतूवरून काहीच ठरत नाही. मग उरतात साक्षी.

तपासाला मुंबईचा पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आला. सोबत अकबर अली आणि गजानन विठ्ठल हे त्याचे नावाजलेले पोलीस. डिसेंबरच्या शेवटी रेसिडेन्सीतला हवालदार रावजी बोलता झाला. त्याला माफीचं वचन मिळालं होतं. त्याच्या म्हणण्यानुसार तो आणि जमादार नरसू रात्री हवेलीवर जाऊन महाराजांना भेटले होते आणि सरबतात पूड त्यानंच टाकली होती. नरसूनंही कबुली दिली, तीही माफीशिवाय. नंतर ताब्यात असतानाच त्यानं विहिरीत उडी घेतली. तो वाचला आणि साक्षीला उभा राहिला.

मग सापडली पुडी. आपण विषाच्या पुड्या कमरेच्या पट्ट्यात ठेवायचो, असं रावजी म्हणाला. पट्टा तोवर दुसऱ्या शिपायाकडे गेला होता. तो आणवला, अकबर अलीनं चाचपला, आत कागदाची पुडी लागली. पुडीत सोमल. अख्ख्या खटल्यात रावजीच्या शब्दाला हाताला लागेल असा आधार देणारी हीच एक वस्तू.

आता जरा थांबून विचार करा. सरबतात विष मिसळणारा माणूस उरलेलं विष पट्ट्यात तसंच ठेवून विसरतो, पट्टा दुसऱ्याच्या कमरेला जातो, चौकशी होते, आठवडे जातात, आणि माफीचं वचन मिळाल्यावर ते आठवतं. असं घडूच शकत नाही असं नाही. घाबरलेली माणसं याहून विचित्र वागतात. पण पुडी सापडली ती पोलिसांच्याच हाताला.

23 फेब्रुवारी 1875 ला बडोद्यात खास आयोगापुढे सुनावणी सुरू झाली. तीन इंग्रज: सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड, फिलिप मेल्व्हिल. तीन हिंदी: जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आला. तिकडे गाजलेल्या टिचबोर्न खटल्यातला हा वकील. (सार्जंट म्हणजे पोलीस नव्हे, तेव्हाची वरिष्ठ वकिलांची पदवी.)

बॅलंटाइननं उलटतपासणीत जिथे जिथे बोट ठेवलं, तिथे शिवण उसवली. फेअरनं लिहून ठेवलं होतं की विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबं असल्याची गुप्त खबर आपल्याला मिळाली आहे. खबर देणारा भाऊ पुणेकर, महाराजांच्या विरोधकांपैकी. तांबं तपासणीत निघालंच नाही. पण विषाचा नुस्खा या माणसाला कुठून कळला? रावजी आणि महाराज यांच्यामध्ये निरोप नेणारे म्हणून सलीम आणि यशवंतराव या खासगीतल्या दोघांची नावं पुन्हा पुन्हा आली. सरकारी पक्षानं त्या दोघांना साक्षीला उभंच केलं नाही.

आणि दामोदरपंत. महाराजांचे खासगी चिटणीस. सोमल आणि हिरे आपणच मिळवले, असं त्यांनी सांगितलं. पण ते सांगितलं गोऱ्या सैनिकांच्या पहाऱ्यात दोन आठवडे काढल्यावर, माफीच्या बदल्यात. हिरे ज्याच्याकडून आले असं सांगितलं गेलं, तो जवाहिऱ्या हेमचंद फतेचंद साक्षीत उलटला. आधीचा जबाब दबावाखाली दिला होता, असं म्हणाला.

इथे सगळ्या वादाचं मूळ आहे. हेमचंद खोटं कधी बोलला, पोलिसांपुढे की आयोगापुढे? पोलिसांपुढे त्याला सूटरच्या माणसांची भीती होती. आयोगापुढे कदाचित पदच्युत होऊ घातलेल्या, पण अजून बडोद्यात असलेल्या राजाची. भीती दोन्हीकडे होती. म्हणून माणूस काय बोलला यापेक्षा तो कुणाच्या ताब्यात असताना बोलला, हे आधी पाहावं लागतं. रावजी, नरसू, दामोदरपंत: तिघांचीही तोंडं उघडली ती ताब्यात असताना.

1872 चा पुरावा कायदा तेव्हा नवाकोरा होता. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही आणि गुन्ह्यातल्या साथीदाराच्या शब्दाला दुसरा आधार हवा, ही काळजी त्यात होती. 31 मार्चला आयोगाचा अहवाल आला. तीन इंग्रजांना मल्हारराव दोषी वाटले, तीन हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. पुरावा तोच, पण निकाल कातडीच्या रंगानुसार दुभंगला. म्हणून इंग्रज खोटे आणि आपले खरे, असं म्हणायची घाई मात्र करू नये. ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ‘केलं नाही’ असा होत नाही.

सरकारनं मग वेगळीच वाट काढली. विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून, गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं. ते 1882 मध्ये मद्रासला वारले. बडोद्याला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक गेला. तेच सयाजीराव महाराज.

1872 चा कायदा 1 जुलै 2024 ला जाऊन त्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. प्रश्न बदललेला नाही. आपल्याच नगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला 2014 मध्ये सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. मुलगा गेला हे खरं; कुणी मारलं हे न्यायालयात सिद्ध झालं नाही. बडोद्यात एका राजाची गादी गेली. खर्ड्यात ज्यांचं गेलं, त्यांच्यासाठी लंडनहून वकील येणार नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी ‘साक्षीदार फितूर’ ही बातमी फोनवर दिसली, की तो माणूस विकला गेला असं लगेच म्हणून टाकू नका. जबाब देताना तो कुठे होता, रात्री झोपायला कुठे जाणार होता, आणि त्या दोन्ही ठिकाणी त्याच्या दारात कोण उभं होतं, एवढं आधी विचारा.