जांबवंताचे शेजारी

दिवाळीत नरकासुराची गोष्ट निघाली की सत्यभामा येते, आणि सत्यभामा आली की तिच्या वडिलांचा स्यमंतक मणी मागोमाग येतोच. सत्राजिताचा भाऊ तो मणी गळ्यात घालून शिकारीला गेला, सिंहाने त्याला मारले आणि सिंहाला जांबवंताने. अस्वलांच्या त्या राजाने मणी गुहेत नेऊन आपल्या लेकराला खेळायला दिला. चोरीचा आळ आला श्रीकृष्णावर. तो माग काढीत गुहेत शिरला, परका माणूस पाहून दाई किंचाळली, आणि जांबवंत धावून आला. भागवतात हे युद्ध २८ दिवस चालल्याचे सांगितले आहे. आपण गोष्ट ऐकतो ती मण्यासाठी. पण जंगलाच्या कडेला राहणारा माणूस ती ऐकताना वेगळ्याच जागी मान डोलावतो. अंधारी गुहा, आत पिलू, दारात अवचित आलेला माणूस! अस्वल अंगावर येते ते नेमके असेच.

फुलचूर हे आज गोंदिया शहराला चिकटलेले गाव. आमच्या लहानपणी तेथे दरवेशी यायचा. त्याच्या डमरूचा आवाज आला की आयाबाया भित्र्या मुलाला घेऊन अंगणात येत, दोन पैसे देऊन मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवीत आणि ताईतात घालायला त्याचे दोन केस मागून घेत. मुलाची भीती जाते म्हणे! माझी गेली की नाही ते आठवत नाही. अस्वलाच्या नाकातली दोरी मात्र अजून आठवते. तो खेळ आता कायद्याने बंद झाला आहे आणि त्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

या प्राण्याच्या बाबतीत थोरामोठ्यांचीही फसगत झालेली आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज पंडिताने त्याच्या लांब नख्या आणि वरच्या जबड्यात पुढे नसलेले दोन दात पाहून त्याची गणना चक्क ‘स्लॉथ’ या अमेरिकेतल्या आळशी झाडप्राण्यात केली. चूक पुढे उमगली, पण इंग्रजीत हे अस्वल अजून ‘स्लॉथ बेअर’च आहे. वास्तविक त्या नख्या वारूळ फोडण्यासाठी, आणि दातांमधली ती फट वाळवी फुंकून, ओढून घेण्यासाठी. किपलिंगने आपला बाळू ज्या शिवनीच्या रानात नेऊन बसविला, ते रान गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट ओलांडले की लागते. तो बाळू मोगलीला धडे देतो. इकडच्या रानातले अस्वल इतके प्रेमळ नाही.

इंग्रजी अमदानीत सरकार दरसाल एक तक्ता छापीत असे: वाघाने किती माणसे मारली, बिबट्याने किती, लांडग्याने किती. त्यात अस्वलाचाही रकाना असे, आणि काही प्रांतांत त्याला मारणाऱ्यास बक्षीसही मिळे. भांडणाचा निकाल लावण्याची ती सरळ तऱ्हा होती: एका पक्षालाच संपवायचे. १८८० नंतरच्या दशकात गोंदियाला रेल्वे आली, पुढे विड्यांचे कारखाने निघाले आणि तेंदूच्या पानाला भाव आला. माणूस रानात अधिक खोल, अधिक वेळा जाऊ लागला.

येथेच खरी मेख आहे. मोह फुलतो मार्च-एप्रिलात आणि फुले टपटपतात पहाटे. उजाडल्यावर गेले तर गुरे नि हरणे वाटा उचलून गेलेली असतात, म्हणून बायका टोपली घेऊन अंधारातच निघतात. अस्वलालाही मोहफूल जीव की प्राण, आणि त्याचीही वेळ तीच. त्यातून थंडीत गुहेत जन्मलेली पिले याच सुमारास आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. मग मे महिन्यात तेंदू. पाने माणसाला हवीत, पिकली फळे अस्वलाला, आणि झाड एकच! अस्वलाची नजर अधू, कानही बेताचे. वाकून फुले वेचणारी बाई त्याला दहा पावलांवर येईतो कळत नाही. कळते तेव्हा ते पळत नाही. मागच्या पायांवर उभे राहते आणि तोंडावर, डोक्यावर पंजा मारते. वाघाच्या तावडीतून सुटलेला माणूस क्वचित भेटतो. अस्वलाच्या तावडीतून सुटलेले पुष्कळ भेटतात, पण पुन्हा आरशात पाहायला धजत नाहीत. शेजारच्या मध्य प्रदेशात (तेव्हा छत्तीसगडही त्यातच होते) १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत ४८ माणसे दगावली आणि जवळजवळ ७०० जखमी झाली. या दोन आकड्यांतच अस्वलाचा सगळा स्वभाव आला. त्याला मारून खायचे नसते, वाटेतून हटवायचे असते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि तक्त्यातला तो आरोपी रक्षणाचा धनी ठरला. आता अस्वल माणसांना धोक्याचे ठरले तरी, ऐन हल्ल्यातला स्वसंरक्षणाचा प्रसंग सोडला तर, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकुमावाचून त्याला मारता येत नाही. १९७० सालचे नागझिरा अभयारण्य आणि १९७५ सालचे नवेगावचे राष्ट्रीय उद्यान मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या रानात नोकरीची वर्षे काढली, तेच हे रान. जखमींना सरकार भरपाई देते. ती द्यायलाच हवी. पण फाटलेला चेहरा रुपयांनी शिवला जात नाही, हेही कबूल केले पाहिजे.

वनखाते सांगते: उजाडल्यावर जा, एकट्याने जाऊ नका, बोलत-खाकरत चला. जुनी माणसे काठीला घुंगरू बांधीत ते याचसाठी. पण ‘उजाडल्यावर जा’ हे सांगणे सोपे. तोवर फुले उरली पाहिजेत ना! अलीकडे काही ठिकाणी मोहाखाली जाळी बांधतात. फुले रात्रभर जाळीत पडतात, जमिनीला लागत नाहीत, गुरांना सापडत नाहीत, वर स्वच्छ म्हणून भावही बरा येतो. बाई सूर्य वर आल्यावर निवांत जाते. तोवर अस्वल जाळीबाहेरची फुले खाऊन आपल्या वारुळाकडे परतलेले असते.