हसवणारे राक्षस

गणेशोत्सवात मुलांचे नाटुकले असतेच आणि त्यात राक्षस आला की सारे सभागृह हसते. आम्हीही हसतो. पण मराठी रंगभूमीवरचा पहिला राक्षस नुसता हसवायला आला नव्हता. आणि त्याचे मूळ आपल्या कर्नाटकातले आहे.

उत्तर कन्नडातील कर्कीची भागवत मंडळी १८४२च्या सुमारास सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसे खेळ मराठीत रचण्यास सांगितले. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झाले. आरंभी गणपती, मग मोरावर सरस्वती, विदूषकाची थट्टा आणि पुढे रंगवलेल्या तोंडाचा, आरोळ्या ठोकत तलवार फिरवणारा राक्षस. पुढे मंडळ्या वाढल्या, आरोळी ठरीव झाली आणि लोक या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणू लागले. धाक ओसरला, आवाज तेवढा उरला.

हरवलेला धाक वेगळ्या वाटेने परत आणला तो गोविंद बल्लाळ देवलांनी. १८९९ साली त्यांचे ‘संगीत शारदा’ किर्लोस्कर मंडळींनी रंगभूमीवर आणले. या मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर शेजारच्या बेळगावी जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. नाटकातल्या भुजंगनाथाला ना शिंगे ना सुळे. जख्ख म्हातारा, पण नवरदेव व्हायची हौस! त्याचा नखरा आणि भद्रेश्वर दीक्षिताची लबाडी पाहून प्रेक्षक पोट धरून हसतात. मात्र प्रत्येक विनोदाबरोबर लग्न जवळ येत असते. बाप कांचनभट पैशासाठी पोटची पोर विकायला बसलेला असतो. शारदा जीव द्यायला निघते तेव्हा मघाचे हसू आपल्यालाच टोचते.

आमच्या मते देवलांची युक्ती साधी आहे. भुजंगनाथ स्वतःला विनोदी समजत नाही; त्याला शारदा खरोखर हवी आहे. आणि शारदेचे दुःख देवलांनी कुठेही थट्टेवारी नेलेले नाही. खलपुरुषाला हसावे, पण त्याच्या तावडीत सापडलेल्याला हसू नये, एवढे सांभाळले की धाक आपोआप टिकतो. आपल्या घरांतून शारदेची पदे अजून गायिली जातात. ती कोणाच्या तोंडची, हेही मुलांना सांगायला हवे.

यंदा मुलांना राक्षसाचे काम शिकवताना मिशा जरूर मोठ्या लावाव्यात. पण समोरच्या पोराला एवढे सांगावे : तू खरोखर घाबर. मग सभागृह हसेलही आणि क्षणभर गप्पही होईल.