‘गुप्त’ या विशेषणाचा इतिहास

पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. संतचरित्रांच्या परंपरेत त्यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. मुक्ताबाई स्नान करीत असता चांगदेव तेथे येतात आणि तिला विवस्त्र पाहून पाठ फिरवतात. स्त्री-पुरुष हा भेद अजून मनातून गेला नाही, असा दोष मुक्ताबाई त्यांनाच देते. कथेचा रोख अद्वैताकडे आहे, हे उघडच आहे. तथापि पाठ फिरवणे म्हणजे ज्ञान नव्हे, ही तिच्यातील ध्वनित भूमिका शरीराविषयी बोलताना मराठी समाजाने क्वचितच स्वीकारली. याची साक्ष भाषाच देते.

संभोगातून पसरणाऱ्या रोगांना मराठीने ‘गुप्तरोग’ म्हटले. अवयवावरून आलेले हे विशेषण व्यवहारात मौनाची आज्ञा ठरले. मात्र हे मौन स्त्री-पुरुषांना सारखे वाटले गेले नाही. पुरुष ‘बाहेरख्याली’ असतो; या शब्दात दोषाबरोबर शौकाचीही छटा आहे. स्त्री ‘बदफैली’ ठरते. हा सरळ निवाडा आहे. तरुणाने पत्करलेला धोका अशा रीतीने पौरुषाच्या खात्यावर जमा होतो. त्याच्या पत्नीच्या तोंडी ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढेच वाक्य उरते. त्यात रोगाला नाव नाही आणि तो कोणाकडून आला याचा उच्चारही नाही.

या व्यवस्थेला पहिला सातत्यपूर्ण छेद दिला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी चालवले. रोग हे पापाचे फळ नसून टाळता येणारी घटना आहे, ही त्यांची मांडणी नीतीचा प्रश्न आरोग्याच्या भाषेत आणणारी होती. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बचाव केला, तरीही कर्व्यांना दंड झाला. म्हणजे प्रश्न विचारणे क्षम्य होते, उत्तर छापणे अश्लील ठरले.

या मौनाची किंमत पुढे आकड्यांतून दिसली. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता, त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शेकडा ८. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी शेकडा १३.६ स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग आढळला. लैंगिक रोग असलेल्या जोडीदाराशी संबंध हेच त्यामागचे मुख्य कारण निघाले. पातिव्रत्याला संरक्षण मानणाऱ्या मूल्यव्यवस्थेचा याहून स्पष्ट प्रतिवाद कोणता?

तरीही २००७ मध्ये महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणावर बंदी आली. कारणे संस्कृतीच्या नावाने दिली गेली. परंतु ज्या वयात मुलगा धोक्याला मर्दुमकी समजू लागतो आणि मुलगी शंकेला निर्लज्जपणा, त्याच वयात शब्द काढून घेतले गेले. ‘गुप्त’ राहिला तो रोग नव्हे, त्याविषयीचे ज्ञान. आपण पाठ फिरवली. त्याची झळ मात्र ज्यांच्याकडे पाहिले गेले नाही त्यांनी सोसली.