बेताच्या खर्चात रोड सायकलची हलकी चाके

मध्यम किमतीची रोड सायकल विकत घेतली, की तिच्यासोबत येणाऱ्या चाकांची जोडी टायर-ट्यूब वगळता साधारण १,९०० ते २,००० ग्रॅम भरते. ग्राहक दुकानात गिअर पाहतो, रंग पाहतो, सायकल उचलूनही पाहतो; चाके मात्र सहसा काढून तोलत नाही. त्यामुळे काटकसर करायची झाल्यास उत्पादकाचा हात प्रथम तेथेच जातो. दुसऱ्या टोकाला नामांकित कंपन्यांची कार्बनची चाके आहेत. त्यांच्या जोडीची किंमत लाखाच्या घरात जाते. या दोहोंमधला मार्ग जुनाच आहे. रिम, हब आणि आरे स्वतंत्रपणे निवडायचे आणि चाक हाताने बांधायचे. अॅल्युमिनियमच्या रिमवर अशी सुमारे १,५०० ग्रॅमची जोडी बांधणे अवघड नाही. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ले यांनी १८७४ मध्ये हबला स्पर्शिकेच्या दिशेने जोडलेल्या, एकमेकांना छेदून जाणाऱ्या आऱ्यांच्या चाकाचे पेटंट घेतले. आजही हाताने बांधले जाणारे चाक तत्त्वतः त्याच रचनेचे आहे.

तथापि खर्च करण्यापूर्वी लाभ किती, हे स्पष्ट असावे. याबाबत सायकलपटूंच्या गप्पांत अतिशयोक्ती फार आढळते. चाकांमधून ४०० ग्रॅम वजावट झाली आणि स्वार व सायकल मिळून वजन ८० किलो असले, तर ही घट अवघी अर्धा टक्का आहे. सिंहगडाचा घाट जो ४५ मिनिटांत चढतो, त्याची सगळी ताकद केवळ चढावर खर्च होते असे मानले, तरी त्याचे सुमारे १३ सेकंद वाचतील. रिमवरील वजन 'दुप्पट' मोजले जाते, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ते वेग वाढविण्याच्या क्षणापुरतेच. संथ, एका लयीतील चढाला हा नियम लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनेही २००० पासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरवून दिले आहे. म्हणजे व्यावसायिक स्पर्धकालाही वजन हवे तितके उतरवता येत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? एक तर थांबून पुन्हा वेग घेताना हलक्या चाकाचा फरक पायाला जाणवतो आणि सायकल चालविण्याच्या आनंदात त्याला मोल आहे. परंतु अधिक महत्त्वाचे कारण दुरुस्तीचे आहे. कारखान्यातील अनेक हलक्या चाकांना त्या-त्या कंपनीचेच खास आरे लागतात. असा एक आरा आडगावात तुटला, की चाक हलत राहते आणि सुटा भाग येईपर्यंत सायकल खुंटीला टांगावी लागते. नेहमीच्या, एका टोकाला वाकवलेल्या आऱ्यांवर बांधलेले चाक मात्र पेठेतील कोणताही जाणता कारागीर सरळ करून देतो.

ग्रॅमचा हिशेब

सुट्या भागांचे भाव डॉलर आणि आयात शुल्काबरोबर खाली-वर होतात. म्हणून येथे रुपयांऐवजी ग्रॅमचाच हिशेब मांडणे इष्ट. रिम-ब्रेकच्या सायकलीसाठी सुमारे ४४० ग्रॅमच्या दोन अॅल्युमिनियम रिम घेतल्या, तर ८८० ग्रॅम झाले. तैवानमधील किनलिन आणि स्वित्झर्लंडमधील डीटी स्विस यांच्या रिम या वजनाच्या आसपास मिळतात. नोव्हाटेक किंवा बायटेक्स या तैवानी कंपन्यांची हलकी हब घेतल्यास पुढचे सुमारे ८० आणि मागचे सुमारे २५० ग्रॅमचे असते. म्हणजे आणखी ३३० ग्रॅम. पुढे २४ व मागे २८ असे ५२ आरे मध्यभागी पातळ केलेले घेतले, तर २४५ ग्रॅम. पितळी निपल सुमारे एकेक ग्रॅमची, म्हणजे ५२ ग्रॅम. एकूण १,५०७.

यात पैसा कोठे वाचवावा? आमच्या मते हबमध्ये. जुन्या सायकलीचे शिमानोचे छर्रे-कोनचे हब शाबूत असेल, तर ते उघडून, छर्रे बदलून, नवे ग्रीस भरून पुन्हा वापरावे. ते शे-दीडशे ग्रॅमने जड पडेल. पण हे वजन चाकाच्या मध्याशी असल्याने वेग घेताना ते रिमवरील वजनाइतके नडत नाही, आणि खर्चाचा सर्वांत मोठा भाग टळतो. जुन्या हबला बहुधा ३२ किंवा ३६ छिद्रे असतात; तेवढ्याच छिद्रांची रिम घ्यावी लागते, एवढेच. मागच्या हबबाबत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. शिमानोच्या ११ गिअरच्या रोड संचाला लागणारा फ्रीहब १० गिअरच्या फ्रीहबपेक्षा सुमारे पावणेदोन मिलिमीटर रुंद असतो. जुन्या हबवर नवा संच बसेलच, असे गृहीत धरू नये.

आणि चाकाला हात लावण्यापूर्वीच करण्याजोगी एक गोष्ट आहे. नेहमीची रबरी ट्यूब शंभर-एकशे दहा ग्रॅमची असते. टीपीयू या प्लास्टिकची ट्यूब चाळीसच्या आसपास. दोन ट्यूब बदलल्या, की चाकाच्या अगदी परिघावरून सव्वाशे-दीडशे ग्रॅम कमी होतात. तारेच्या कडांचे टायर काढून घडी होणारे टायर लावले, तर आणखी तेवढेच. प्रत्येक रुपयामागे इतके ग्रॅम दुसरा कोणताही बदल वाचवत नाही.

पातळ आरा आणि गैरसमज

आपल्याकडील काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० आरे असत. दुधाच्या किटल्या व धान्याची पोती वाहणाऱ्या त्या चाकाच्या तुलनेत २४ आऱ्यांचे चाक पाहून धडकी भरणे स्वाभाविक आहे. सर्वसाधारण संकेत असा, की पंचाहत्तर किलोपर्यंतच्या स्वाराला पुढे २४ व मागे २८ आरे पुरतात. पंच्याऐंशीच्या पुढे २८ व ३२ घ्यावेत. २० आऱ्यांचा मोह बेताच्या वजनाच्या माणसानेच धरावा. चार आरे वाढविल्याने वजन वीस-पंचवीस ग्रॅमनेच वाढते, पण खड्ड्यातून सुटण्याची शक्यता बरीच वाढते.

आऱ्याच्या जाडीबाबतचा गैरसमज याहून जुनाट आहे. सबंध लांबीभर दोन मिलिमीटर जाड असलेले ५२ आरे सुमारे ३७० ग्रॅम भरतात. मध्यभागी १.८ मिलिमीटरचे ३१५ आणि १.५ मिलिमीटरचे २४५. बेल्जियमच्या सॅपिम कंपनीचा 'लेझर' आणि डीटी स्विसचा 'रेव्होल्यूशन' हे या शेवटच्या प्रकारातले. पातळ आरा लवकर तुटेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आरा मधोमध क्वचितच तुटतो. तो तुटतो हबजवळच्या वाकणात किंवा आट्यांजवळ, आणि तेथे पातळ आऱ्याचीही जाडी दोन मिलिमीटरच असते.

याचे कारण चाक भार कसा पेलते, यात आहे. अमेरिकन अभियंते जोब्स्ट ब्रँट यांनी 'द बायसिकल व्हील' या १९८१ च्या पुस्तकात हे तपशीलवार मांडले. सर्व आरे आधीच ताणलेले असतात. चाकावर भार आला, की जमिनीलगतच्या मोजक्या आऱ्यांचा ताण कमी होतो. इतरांत विशेष बदल होत नाही. चाक फिरत असताना प्रत्येक आरा फेऱ्याला एकदा असा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळातच ताण कमी असेल, तर तो पार ढिला पडतो, वाकणात हलतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर धातू थकून तुटतो. पातळ आरा ताणाखाली अधिक लांबतो, म्हणून तो सहजासहजी ढिला पडत नाही. आरे वारंवार तुटत असतील, तर ते फार आवळले असावेत, असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात. दोष बहुधा नेमका उलटा असतो.

लांबीचे गणित

आऱ्याची लांबी चुकली, तर सगळा संच वाया जातो. त्यामुळे मोजमाप स्वतः करावे, कागदावरील आकड्यावर विसंबू नये. रिममध्ये समोरासमोरच्या छिद्रांत निपलसह दोन जुने, मापून कापलेले आरे बसवून निपलांच्या माथ्यांमधील अंतर घ्यावे. समजा ते ५९२ मिलिमीटर आले, त्रिज्या २९६. हबच्या कडेवरील छिद्रांच्या वर्तुळाची त्रिज्या १९, आणि ती कड चाकाच्या मध्यापासून ३५ मिलिमीटरवर आहे. २४ आऱ्यांच्या चाकात एका बाजूला १२ आरे येतात. प्रत्येक आरा दोघांना छेदत असेल, तर हबवरील कोन ६० अंशांचा. तिन्ही मापांच्या वर्गांची बेरीज ८९,२०२ होते. त्यातून दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट, कोनाच्या कोसाइनने म्हणजे येथे अर्ध्याने गुणून, वजा करावी. ती ५,६२४ आहे. उरलेल्या ८३,५७८ चे वर्गमूळ २८९.१. त्यातून हबवरील छिद्राचा अर्धा व्यास, म्हणजे १.३, वजा केला की २८७.८. तेव्हा २८८ मिलिमीटरचा आरा मागवावा. मागच्या चाकात उजवी कड मध्याच्या जवळ असल्याने उजवे आरे डाव्यांपेक्षा दीड-दोन मिलिमीटर आखूड लागतात. दोन्ही बाजूंची मापे वेगळी काढावीत.

आवळण्याची कला

आरे भरण्याचे काम एका संध्याकाळचे आहे. आकृती समोर ठेवावी आणि पहिला आरा व्हॉल्व्हच्या छिद्राशेजारी बसवावा, म्हणजे व्हॉल्व्ह समांतर आऱ्यांच्या मोकळ्या जागेत येतो व पंपाचे तोंड अडकत नाही. आट्यांना जवसाच्या तेलाचा थेंब लावण्याची कारागिरांची जुनी रीत आहे. आवळताना ते वंगणाचे काम करते आणि वाळल्यावर निपल धरून ठेवते. रंगाच्या दुकानात ते मिळते.

खरी कसोटी पुढे आहे. सर्व निपल प्रथम सारख्याच खोलीपर्यंत फिरवावीत. त्यानंतर एका वेळी अर्धा, नंतर पाव फेरा. चाकाचा उंचसखलपणा आधी काढावा, बाजूचा आऊट त्यामागून. उलटे केल्यास दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात. महागडे स्टँड आवश्यक नाही. उलट्या ठेवलेल्या सायकलीच्या फोर्कला प्लास्टिकची पट्टी बांधून तिचे टोक रिमजवळ आणले, की आऊट दिसतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आत आले, तर समाधान मानावे. चाक मध्यावर आहे की नाही, हे ते फोर्कमध्ये उलटसुलट बसवून कळते. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करावेत: निपलाला घट्ट बसणारा चांगला पाना. ढिल्या पान्याने निपलाचे कोन झिजले, की सारे श्रम फुकट जातात.

मागच्या चाकात उजव्या आऱ्यांचा ताण १०० ते १२० किलोग्रॅम-बलाच्या आसपास असावा; रिमच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा मात्र ओलांडू नये. डाव्यांचा ताण त्याच्या जेमतेम निम्म्यापेक्षा थोडा अधिक राहतो. तो हबच्या रचनेचाच परिणाम आहे. ताणमापक नसल्यास आरे छेडून त्यांचा स्वर ऐकावा. एका बाजूचे सर्व आरे एका सुरात वाजले, की ताण सारखा आहे असे समजावे. सतारीच्या तारा लावणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. स्वराने सारखेपणा कळतो, नेमका ताण नव्हे. म्हणून पहिल्या खेपेस चाक ताणमापक असलेल्या दुकानात एकदा दाखवून घ्यावे.

दीड मिलिमीटरचा आरा निपलाबरोबर स्वतःही पिळला जातो. हा पीळ नंतर रस्त्यावर सुटतो आणि चाक पुन्हा वाकडे होते. आऱ्यावर कागदी चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावला, तर पीळ डोळ्यांना दिसतो. पाना थोडा पुढे नेऊन तितकाच मागे आणावा. शेवटी समांतर आऱ्यांच्या जोड्या हातमोजे घालून जोराने दाबाव्यात. त्यामुळे वाकणातील दडून राहिलेला ताण निघतो व आरे आपापल्या जागी बसतात. ब्रँट यांचा या क्रियेवर विशेष भर होता. घाईत नेमकी हीच वगळली जाते.

पावसाळा आणि घाट

अॅल्युमिनियमची निपल घेतल्यास ५२ निपलांमागे सुमारे ३५ ग्रॅम वाचतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने हा विचार सोडून द्यावा. खाऱ्या, दमट हवेत ती आऱ्याशी जखडतात आणि आवळताना फुटतात. पितळ टिकते.

हलक्या रिमच्या भिंती पातळ असतात. पावसात ब्रेकच्या रबरात अडकलेली वाळू त्या भिंती घासत जाते, आणि झिजलेली रिम टायरच्या दाबाने फाटू शकते. रिमवरील झिजेची खूण नाहीशी झाली, किंवा भिंत बोटाला खोलगट लागली, तर ती रिम काढून टाकावी. जुनी जड चाके विकू नयेत; जून ते सप्टेंबर तीच लावावीत. रिम-ब्रेकची अनोळखी, स्वस्त कार्बनची रिम वरंधा किंवा आंबेनळीसारख्या लांब उतारावर नेणे टाळावे. सतत ब्रेक दाबल्याने ती तापते आणि कडा मऊ पडण्याचा धोका असतो. डिस्क-ब्रेकच्या सायकलीत झिजेचा व उष्णतेचा हा प्रश्न उरत नाही. मात्र ब्रेकचा जोर हबवाटे आऱ्यांवर येत असल्याने पुढच्या चाकातही आरे छेदूनच भरावे लागतात, सरळ भरून चालत नाही.

नवे चाक पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे. थोडा आऊट आलेला असतोच; पाव फेऱ्यात तो निघतो. तुटलेल्या आऱ्याची पंचाईत टाळण्यासाठी उजव्या, डाव्या आणि पुढच्या चाकाच्या मापाचे दोन-दोन जादा आरे मागवतानाच घ्यावेत.