उघडे बेडे आणि शेजारचे वाय-फाय : २००८ च्या एका ईमेलची गोष्ट

१/ २६ जुलै २००८, शनिवार. अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे एक ईमेल येऊन पडला. 'इंडियन मुजाहिदीन' या नावाने आलेल्या त्या मजकुरात स्फोटांची जबाबदारी आधीच घेतलेली होती. त्या संध्याकाळी ५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ईमेलचा माग काढीत महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचले. तेथे एक अमेरिकी नागरिक आपल्या कुटुंबासह राहत होता.

२/ ईमेल त्याच्या जोडणीवरून गेला होता, याबद्दल शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की तो त्याने पाठविला काय? त्याच्या राउटरला पासवर्डच नव्हता.

३/ येथे यंत्राची रीत समजून घ्यावी लागते. घरातील राउटरला सेवा पुरवठादाराकडून एकच सार्वजनिक आयपी पत्ता मिळतो. घरातला संगणक, पाहुण्याचा लॅपटॉप, जिन्यात उभा असलेला अनोळखी माणूस, ज्याने ज्याने त्या राउटरशी जोडून घेतले त्या सर्वांची रहदारी बाहेरच्या जगाला त्याच एका पत्त्यावरून आलेली दिसते. पुरवठादाराची नोंदवही ग्राहकाचे नाव सांगते, हात कोणाचा होता ते सांगत नाही. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंत ओलांडून रस्त्यापर्यंत जातात.

४/ पथकाने संगणक तपासणीसाठी घेतले, जबाब नोंदविले. त्या गृहस्थाचे नाव आणि छायाचित्र देशभर झळकले. ऑगस्टमध्ये तो भारताबाहेर निघून गेला, तेव्हा तर मोठा गदारोळ उठला. अखेरीस तपासातून निघाले ते इतकेच, की त्याचा ईमेलशी संबंध नव्हता. त्याचे उघडे वाय-फाय कोणीतरी वापरले होते.

५/ तोवर दुसरा ईमेल आला होता. २३ ऑगस्टचा तो ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायवरून. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी काही जणांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांतील संगणक जाणणारी मंडळी लॅपटॉप घेऊन शहरात हिंडत आणि कुलूप नसलेली जोडणी शोधीत. महाराष्ट्रातील हा तपास ज्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला ते पथकप्रमुख हेमंत करकरे २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईतच हुतात्मा झाले.

६/ आता कायद्याकडे पाहू. क्षणभर स्फोट बाजूला ठेवावेत. जुलै २००८ मध्ये शेजाऱ्याचे उघडे वाय-फाय नुसते वापरणे हा गुन्हा होता काय? उत्तर अनेकांना चकित करील : बहुधा नव्हता.

७/ माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून संगणक वा जाळ्यात प्रवेश करण्यास मनाई करीत होते, पण त्याचे फळ होते नुकसानभरपाई (कमाल १ कोटी रुपये). तुरुंग नव्हे. कलम ६६ मधील तेव्हाचे 'हॅकिंग' म्हणजे माहिती नष्ट करणे, बदलणे, तिची उपयुक्तता घटविणे. शेजाऱ्याच्या जोडणीवरून क्रिकेटचा धावफलक पाहणारा त्यात बसत नव्हता.

८/ मग चोरी? भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ ला 'जंगम मालमत्ता' लागे. हीच अडचण पूर्वी विजेबाबत आली होती. वीज ही जंगम वस्तू कशी म्हणावी? म्हणून १९१० च्या वीज अधिनियमात कलम ३९ घालून वीज अप्रामाणिकपणे ओढून घेणे ही चोरी 'समजावी' असे विधिमंडळाला सांगावे लागले. बँडविड्थसाठी असे कोणी सांगितलेले नव्हते.

९/ डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्यानंतर महिन्याच्या आत, संसदेने सुधारणा विधेयक संमत केले. २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. नव्या कलम ६६ ने कलम ४३ मधील प्रत्येक कृतीला फौजदारी रूप दिले : 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळा भार त्या एका शब्दावर आहे. अप्रामाणिकपणा म्हणजे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी करण्याचा हेतू. ज्या काळी घरगुती योजनांत डेटाची मर्यादा असे आणि ती ओलांडली की देयक फुगे, त्या काळी ही हानी रुपयांत मोजता येत होती. अमर्याद योजनेच्या युगात ती मोजायची कशी, याचे उत्तर कलमात नाही.

१०/ जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी अजब मोहीम जाहीर केली. पोलीसच लॅपटॉप घेऊन फिरणार, उघडे वाय-फाय सापडले की मालकाला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली नोटीस देणार. हे कलम पोलिसांना दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी हस्तक्षेप करू देत असे. म्हणजे बोट आत शिरणाऱ्याऐवजी दार उघडे ठेवणाऱ्याकडे वळले. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानेही सेवा पुरवठादारांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना धाडल्या.

११/ परदेशांतही हाच गोंधळ होता. २००५ मध्ये लंडनच्या एका न्यायालयाने शेजारपाजारचे वाय-फाय वापरणाऱ्यास ५०० पौंड दंड केला. सिंगापूरने २००७ मध्ये एका किशोराला १८ महिन्यांच्या परिवीक्षेवर ठेवले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मात्र मे २०१० मध्ये मालकालाच अंशतः जबाबदार धरले; जोडणी पुरेशी सुरक्षित ठेवणे हे त्याचे कर्तव्य ठरविले. पुढे २०१७ मध्ये तेथील विधिमंडळाने ती जबाबदारी बरीचशी दूर केली.

१२/ कोकणातल्या माणसाला हा वाद मुळीच नवा वाटू नये. कणकवलीच्या कोणत्याही वाडीत जा : गडगा आहे, त्याला बेडे आहे, आत विहीर आहे. बेडे उघडे दिसले म्हणून वाटसरूने आत शिरून दोन ओंजळी पाणी पिणे आणि रोज पंप लावून आपली बाग शिंपणे यांत फरक आहे, हे तेथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने हाच व्यवहार शब्दांत बांधला. कलम ५४ म्हणते, परवानगी स्पष्ट असू शकते किंवा देणाऱ्याच्या वर्तनातून गृहीतही धरता येते.

१३/ उघड्या वाय-फायचा बचाव करणारे नेमका हाच युक्तिवाद करतात : राउटर स्वतःचे नाव हवेत पुकारतो, माझे यंत्र आत येऊ का म्हणून विचारते, तो ये म्हणतो, मग परवानगी नाही कशी? युक्तिवाद चतुर आहे, पण लंगडा. तो कायदा स्थावर मालमत्तेपुरता आहे, हा एक भाग. दुसरा अधिक महत्त्वाचा : वर्तन माणसाचे असावे लागते. कारखान्यातून पासवर्डविना आलेला डबा ज्याने तसाच भिंतीला लावला, त्याने आमंत्रण दिले असे म्हणता येत नाही. बेडे उघडे ठेवणे आणि बेडे असते हेच ठाऊक नसणे, या दोन गोष्टी वेगळ्या.

१४/ कणकवलीलाच आणखी एक साक्षीदार आहे. येथल्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन गांधीजींच्या ज्या एकादश व्रतांच्या परंपरेतले, त्यांत 'अस्तेय' आहे. गांधीजींची व्याख्या कायद्याहून कितीतरी कठोर : गरज नसताना घेतलेली वस्तू, मग ती मालकाच्या संमतीने का असेना, चोरीच. तिचा रोख घेणाऱ्याच्या गरजेवर आहे.

१५/ आणि गरजेचा प्रश्न २०२० मध्ये याच तालुक्यात उभा राहिला. टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग सुरू झाले, घरी रेंज नाही, म्हणून एक विद्यार्थिनी ऐन पावसाळ्यात डोंगरावरच्या झोपडीत बसून शिकत असल्याची बातमी गाजली. अशा मुलीने शेजारच्या उघड्या जोडणीवर तासभर व्याख्यान ऐकले असते तर कलम ६६ मधला 'अप्रामाणिकपणा' सिद्ध करणे कोणत्याही सरकारी वकिलाला जड गेले असते. सानपाड्याच्या त्या कुटुंबाला विचारले तर मात्र ते म्हणेल, आधी दार वाजवा.

१६/ दार वाजविण्याची सोय पुढे सरकारनेच काही अंशी केली. कोकण रेल्वेच्या कणकवलीसह २८ स्थानकांवर २०१७ मध्ये सार्वजनिक वाय-फाय आले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. तीनुसार चहाची टपरी वा किराणा दुकानही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय पुरवू शकते. वापरणाऱ्याची ओळख मात्र आधी नोंदवून घ्यावी लागते. सानपाड्याच्या राउटरपाशी ती नोंदच झाली नव्हती.